'वायुदूत'ची अधुरी झेप

छोट्या शहरांना विमानसेवा देण्याचा विषय राजधानीत निघाला, की 'उडान'चे गोडवे गायले जातात. ही वाट ज्या सरकारी कंपनीने आधी तुडवली आणि जी त्याच वाटेवर थकून कोसळली, त्या 'वायुदूत'चे नाव मात्र क्वचितच ऐकू येते.

जानेवारी १९८१ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांच्या भागीदारीतून ही कंपनी जन्मली. ईशान्य भारतातील दुर्गम गावे हवाई नकाशावर आणणे हा मूळ हेतू. तो रास्तच होता; डोंगर आणि नद्या ओलांडताना तिथे दिवसच्या दिवस खर्ची पडत. परंतु ईशान्येपुरती असलेली ही सेवा पाहता पाहता देशभर पसरली आणि दशकअखेरीस स्थानकांची संख्या शंभराच्या घरात गेली. ताफा मात्र बेताचाच होता: फोकर, अॅव्हरो आणि कानपूरला परवान्याखाली बांधली जाऊ लागलेली १९ आसनी डॉर्नियर. आपल्या मतदारसंघात विमान उतरावे, ही लोकप्रतिनिधींची हौस समजण्याजोगी आहे. ती भागवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न तेवढा अनुत्तरित राहिला. १९ आसनांच्या विमानाला खर्च काही प्रमाणात तरी मोठ्या विमानासारखाच लागतो, तिकिटे मात्र मोजकीच विकली जातात.

अपघातांनी विश्वासही डळमळला. १९ ऑक्टोबर १९८८ रोजी गुवाहाटीजवळ फोकर कोसळून ३४ जण दगावले. त्याच सकाळी अहमदाबादेत इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचा त्याहून मोठा अपघात झाल्याने ही बातमी झाकोळली गेली. पुढल्याच वर्षी, सप्टेंबर १९८९ मध्ये, पुण्याहून हैदराबादला निघालेले डॉर्नियर इंदापूरजवळ कोसळले आणि ११ जणांचा बळी गेला. अखेर १९९३ मध्ये तोट्यातील 'वायुदूत' इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला.

'उडान'ने यातून एक धडा घेतला. तोटा कंपनीच्या माथी न मारता तीन वर्षे अनुदानाने भरून द्यायचा आणि त्यासाठी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवायचा, अशी तिची रचना आहे. पण अनुदान थांबल्यावर काय? महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ वरच सेवा सुरू झाली. तीन वर्षांची मुदत ११२ मार्गांनी पूर्ण केली आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकले केवळ ५४. खासगी कंपनी मार्ग सोडून निघून जाते. 'वायुदूत'ला ती मुभा नव्हती, एवढाच काय तो फरक.

१२ एप्रिल २०२२ रोजी अलायन्स एअरचे एक छोटे विमान दिब्रुगडहून अरुणाचलातील पासीघाटला गेले. ते कानपूरलाच बांधलेले डॉर्नियर होते.