पाठ निवडताना

लातूर-नांदेडकडच्या बाजारात काळीभोर, तुकतुकीत उस्मानाबादी पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी, दिसली की गिऱ्हाईक आधी तिचं अंग बघतं. मी म्हणेन, आधी पाय बघा. शेळी दिवसभर माळावर फिरून चरते. मागचे पाय एकमेकांना घासत असतील, तर गाभणपणाच्या वजनात तिचं चालणं अवघड होतं. कास नंतर सुटेल, पण सड आत्ताच मोजा: दोनच हवेत, सारखे. जुळ्यातली पाठ चांगलीच. पण जुळ्यांचा गुण रक्तातून थोडाच उतरतो, म्हणून आईच्या एका वेतावर न जाता सगळ्या वेतांची नोंद विचारा.

बोडक्या, म्हणजे बिनशिंगी पाठीचं प्रकरण वेगळं आहे. शेळीला बोडकी करणारा जनुकीय बदल फ्रेंच संशोधकांनी २००१ मध्ये शोधला. तो आई-बाप दोघांकडून आला, तर मादी करडाचे जननअवयव नराकडे झुकतात; अशी पाठ कधीच गाभण राहत नाही. उस्मानाबादीत शिंगांच्या आणि बोडक्या, दोन्ही शेळ्या असतात. म्हणून बोडक्या शेळीला शिंगांचाच बोकड दाखवावा.

आणि घाई अजिबात नको. मोठ्या शेळीच्या साधारण दोन तृतीयांश वजन भरेपर्यंत पाठ बोकडापासून वेगळी ठेवा. गाभणकाळ पाच महिन्यांचा. कोवळेपणी तो लादला, तर तिची स्वतःची वाढच खुंटते.