विमाही त्यांचाच, रुग्णालयही त्यांचेच!

परवा एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. पत्नीला मधुमेह, हातात विम्याचे माहितीपत्रक. "डॉक्टर, ही रुग्णालयवाल्यांचीच विमा कंपनी आहे. घेऊ का? की उद्या तेच उपचार टाळतील?" प्रश्न अनेकांचा असेल, म्हणून आज त्यावरच लिहितो.

ही कल्पना जुनीच आहे. १९३३ साली डॉ. सिडनी गारफिल्ड यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, कालव्यावर राबणाऱ्या मजुरांसाठी १२ खाटांचे रुग्णालय काढले. विमा कंपन्या बिले उशिरा देत, त्यामुळे रुग्णालय बंद पडायची वेळ आली. तेव्हा दर मजुरामागे रोज ५ सेंट आगाऊ घ्यायचे ठरले आणि सारे गणितच उलटले. मजूर जखमी न होण्यातच डॉक्टरांचा फायदा! मग ते कामावर जाऊन बाहेर आलेले खिळे ठोकून घ्यायला सांगू लागले. पुढे यातूनच 'कैसर पर्मनेंटे' ही संस्था उभी राहिली. १९४५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली.

आपली कामगार राज्य विमा योजनाही याच वळणाची. कायदा १९४८ चा, सुरुवात १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत. वर्गणी घेणारे महामंडळ रुग्णालयेही चालवते. २०२४ मध्ये बंगळुरूच्या नारायणा हेल्थ या रुग्णालय समूहानेही स्वतःची विमा कंपनी सुरू केली.

मधुमेहाचेच पाहा. डोळे, पाय, मूत्रपिंड वेळेवर तपासले तर रुग्ण वाचतो आणि संस्थेचा पैसाही. पण नाण्याला दुसरी बाजू आहे. एरवी रुग्णालयाला जादा तपासण्यांचा मोह असतो, तर येथे खर्चिक उपचार लांबवण्याचा मोह होऊ शकतो.

म्हणून सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारा. यादीतले जवळचे रुग्णालय कोठे आहे? रात्री-अपरात्री दुसरीकडे दाखल झाल्यास पैसे मिळतील का? बाहेरच्या डॉक्टरांचा सल्ला मानला जाईल का? तक्रार असल्यास आधी कंपनीला लिहा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जा. तेथे शुल्क लागत नाही.

आम्ही दोघांनी माहितीपत्रक पुन्हा वाचले. सर्वांत जवळचे रुग्णालय एसटीने चार तासांवर होते. गुरुजींनी कागदाची घडी घातली, म्हणाले, "आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मागवतो." मलाही तेच सांगायचे होते.