गप्पीची बाळंतपणे

आमच्या सईने मागच्या दिवाळीच्या सुट्टीत हट्ट धरला तो माशांचा. कुत्रा नको, मांजर नको, निदान मासे तरी आणू या म्हणून आम्ही दोघे तयार झालो. दोन फुटी काचेची टाकी आली. दुकानदार म्हणाला, “ताई, नवीन माणसाने गप्पीच घ्यावेत. चिवट असतात.” दोन नर नि चार माद्या घेऊन आम्ही घरी आलो.

पंधराच दिवसांत एके सकाळी सई ओरडली, “आई, पाण्यात तुसासारखं काहीतरी हलतंय!” पाहते तो काय, जेमतेम सहा-सात मिलिमीटरची पिल्ले! दोन टपोरे डोळे नि मागे शेपटीची रेघ. आम्ही चौदा मोजली. मला शाळेची घाई होती. “दुपारी बघू गं,” म्हणून निघाले. दुपारी परतले तर तीनच उरली होती, आणि त्यातले एक आमच्या डोळ्यांदेखत आईनेच गिळले.

“आई, ती स्वतःच्या बाळाला का खाते?” सईने रडत विचारले. वर्गातल्या चाळीस मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणारी मी, पण इथे गप्प बसले. सासूबाई म्हणाल्या, “मुकं जनावर ते, त्याला काय कळतंय!” पुढे वाचल्यावर कळले की, सासूबाईंचे बरोबरच होते. हे आपले पिल्लू आहे, ही ओळखच गप्पीच्या मादीला नसते. समोर बारीकसे काही हलले की ते खाणे, एवढेच तिला ठाऊक. चार आठवडे पोटात वाढवून पोहता येणारे पिल्लू बाहेर सोडले की तिचे काम संपले. पुढचे पिल्लाने आपले आपण बघायचे. ओढ्या-डबक्यात काठच्या गवतात ते लपते, आमच्या लख्ख काचेच्या टाकीत लपायला काडीसुद्धा नव्हती.

दिवस भरले कसे ओळखावे?

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे सगळे पिल्ले देणारे मासे. मादीच्या पोटाशी, शेपटीकडच्या बाजूला एक गडद डाग दिसतो. दिवस भरत आले की तो अधिक काळा होतो आणि पोट खालून गोल न दिसता चौकोनी दिसू लागते. साधारण चार आठवडे लागतात, पाणी गार असेल तर जास्त. आमच्या नाशिकच्या थंडीत पाणी चोवीस अंशांखाली जाऊ नये म्हणून आम्ही छोटा हीटर लावला.

आणखी एक गंमत ध्यानात ठेवा. नराशी एकदा संबंध आला की मादी ते बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते. त्यामुळे एकटी मादी आणली तरी बाळंतपणे होतच राहतात!

बाळंतिणीला ऐन वेळी जाळीत पकडून दुसरीकडे हलवू नये. घाबरून ती दिवस भरण्याआधीच पिल्ले टाकते. त्यापेक्षा टाकीच्या एका कोपऱ्यात जावा मॉस किंवा हायड्रिला अशी दाट वनस्पती सोडावी. पिल्ले त्यात शिरतात, मोठ्यांना शिरता येत नाही. मग जाळीऐवजी वाटीने, पाण्यासकट अलगद उचलून ती वेगळ्या भांड्यात घ्यावीत.

खाऊ घालण्याचा मोह

दुसऱ्या खेपेला एवढे सगळे शिकून मी तयारीत होते. अठरा पिल्ले काढली आणि लोणच्याच्या मोठ्या, स्वच्छ बरणीत ठेवली. आता वाचवायचीच, या जिद्दीने मी त्यांना खाऊ घालू लागले. कडक उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घातला. सकाळी घातला, दुपारी घातला, शाळेतून आल्यावर घातला. “इवलीशी आहेत, खाऊ देत पोटभर,” असे वाटायचे. दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखे झाले. तिसऱ्या सकाळी अकरा पिल्ले तळाशी पडली होती.

“आता यांना कोणी खाल्लं?” सईने विचारले.

“कोणी नाही गं. माझंच चुकलं,” मी म्हटले. खोटे बोलावेसे वाटले, पण बोलले नाही.

चूक काय झाली ते सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. पिल्लाचे पोट त्याच्या डोळ्यापेक्षा फारसे मोठे नसते. उरलेले अन्न कुजते. त्यातून आणि माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही, पण मारतो. जुन्या टाकीतल्या स्पंजमध्ये हा अमोनिया पचवणारे जिवाणू वाढलेले असतात. नव्या, धुतलेल्या बरणीत ते कुठून येणार? माझी बरणी स्वच्छ होती, पण पिल्लांच्या कामाची नव्हती.

आता मी काय करते

पिल्लांसाठी दहा-बारा लिटरचे पसरट भांडे घेते. अर्धे पाणी जुन्या टाकीतलेच भरते. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आधी महिनाभर मोठ्या टाकीत चालवून मगच इकडे लावते. स्पंजमुळे पिल्ले ओढलीही जात नाहीत.

माशांचे नेहमीचे कोरडे खाणे चिमटीत चोळून पिठासारखे करते आणि दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच घालते. बलक द्यायचाच तर टाचणीच्या डोक्याएवढा, मलमलच्या फडक्यात धरून पाण्यात किंचित चुरडायचा. आमच्या सोवळ्या सासूबाईंना अंड्याचा वास सोसत नाही, म्हणून हल्ली तोही बंदच आहे.

सर्वांत उत्तम खाऊ म्हणजे आर्टेमियाची जिवंत पिल्ले. याची अंडी माशांच्या दुकानात मिळतात. लिटरभर पाण्यात सुमारे पंचवीस ग्रॅम खडे मीठ विरघळवून त्यात चिमूटभर अंडी घालावीत आणि पंपाची नळी सोडून बुडबुडे चालू ठेवावेत. उबेत चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी ठिपके वळवळू लागतात. पंप बंद केला की टरफले वर तरंगतात. मग एका बाजूने उजेड दाखवावा, पिल्ले तिकडे गोळा होतात. तिथून बारीक नळीने ओढून, फडक्यावर गाळून, साध्या पाण्याने धुऊन द्यावीत.

रोज तळाचा गाळ नळीने काढून पाव भाग पाणी बदलते. नळाचे पाणी बादलीत चोवीस तास उघडे ठेवते, म्हणजे क्लोरीन उडून जातो. नवे पाणी गार नसावे, हाताला दोन्ही सारखीच लागली पाहिजेत.

पोरे मोठी झाली की

महिना-सव्वा महिन्यात नर ओळखू येतात. पोटाखालचा मागचा पर मादीचा पंख्यासारखा राहतो, नराचा काडीसारखा टोकदार होतो. लगेच दोघांना वेगळे करावे, नाहीतर भावंडांतच पुढची पिढी सुरू होते. तिसऱ्या खेपेच्या वीस पिल्लांतली आमची सोळा जगली, आणि एवढ्यांना जागा कुठून आणायची, हा नवाच प्रश्न उभा राहिला!

शेजारच्या काकू म्हणाल्या, “गोदावरीत सोडून दे, पुण्य लागेल.” हे मात्र कधीही करू नका. गप्पी इथला नव्हे, दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदादचा. त्रिनिदादहून ब्रिटिश म्युझियमला हे मासे पाठवणाऱ्या गप्पी नावाच्या गृहस्थांचे नाव त्याला १८६६ साली मिळाले. नदीत तो भराभर वाढतो, आपल्या माशांचे अन्न पळवतो, त्यांची अंडी-पिल्ले खातो. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खाते त्याला साचलेल्या पाण्यात सोडते, पण ते काम त्यांच्यावर सोपवावे. आम्ही सहा मासे माझ्या शाळेतल्या बाईंना दिले, चार दुकानदाराने घेतले, सहा घरीच आहेत.

सध्या आमच्या जुन्या मादीचा डाग पुन्हा काळा झाला आहे. भांडे, स्पंज, मॉस सगळे तयार आहे. खाणे घालण्याचे काम आता सईकडे दिले आहे. परवा मी मोठ्या माशांना आणखी एक चिमूट घालायला गेले, तर तिने माझा हात धरला. “आई, पुरे,” म्हणाली.