महाइतिहास (भाग ५) : वऱ्हाडच्या कापसाची पाळेमुळे

गेल्या आठवड्यात आपण पृथ्वीच्या तप्त गोळ्यावर कवच कसे धरले ते पाहिले. या भागात थेट मुंबईच्या कापूसबाजारात उतरू. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मुंबईच्या मालाला सोन्याचे मोल आले. त्या पैशावर बँका आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद शेअरबाजाराचे राजे झाले. १८६५मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि भल्याभल्यांचे दिवाळे वाजले.

शाळेतला इतिहास इथे थांबतो. इतिहासकार डेव्हिड ख्रिश्चन यांनी १९८९मध्ये सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात महाइतिहासाचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यात माणसाची गोष्ट विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षांपासून, सांगितली जाते. त्या रीतीने पुढचा प्रश्न विचारू : हा कापूस वऱ्हाड-खानदेशात एवढा का पिकतो?

उत्तर काळ्या जमिनीत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असताना जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. त्यातून झालेला बेसॉल्ट आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. तो झिजून जी चिकण माती झाली, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाऊस उघडल्यावरही ओल धरून ठेवते. कापसाची मुळे खोल जातात, त्यामुळे विहिरीच्या पाण्याविनाही पीक तगते. या कातळातले लोह तर सूर्य जन्मण्याआधीच जुन्या ताऱ्यांत आणि त्यांच्या स्फोटांत घडलेले.

मग सारे आधीच ठरले होते का? मुळीच नाही. ही माती माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. १८५३मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, ती माणसांच्या निर्णयांनी. वऱ्हाडचा शेतकरी दूरदेशच्या भावाला बांधला गेला, त्यात लाव्ह्याचा दोष नाही.

पट इतका मोठा झाला की कर्जात बुडालेले एक घर दिसेनासे होते, हा या अभ्यासाचा खरा धोका. काय शक्य होते ते कातळ सांगतो. कोणाच्या पदरात काय पडले ते मात्र सावकाराच्या वह्या आणि सरकारी दप्तरे चाळूनच कळते. यातले एक सोडले तर इतिहास अर्धाच राहतो.

पुढील भागात पाहू, माणसाने पहिले बी का पेरले. तोवर सह्याद्रीच्या एखाद्या घाटातून जाणे झाले, तर कड्यावरचे आडवे थर जरूर मोजा. त्यातला बहुतेक प्रत्येक थर म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोंढा आहे.