दुपारी ताणून देतो की!

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव महाराष्ट्राला कळलं ते 1992-93 च्या कुपोषणबळींमुळे. त्यामुळे जव्हार-मोखाड्याची तरणी पोरं गेमपायी रात्री जागवतात असं सांगितलं, की ऐकणारा हसतो, ‘तिकडे रेंज तरी आहे का?’ ज्या टेकाडावर रेंज मिळते तिथे रात्री अकराला जाऊन बघावं. पण हा गैरसमज परवडला. वैताग येतो तो पोरांच्या ठरलेल्या उत्तराचा : ‘रात्री खेळलो तर काय झालं, दुपारी ताणून देतो की!’

अरे बाबा, कुठली दुपार? भाताच्या आवणीत दिवसभर चिखलात वाकलेला असतोस, दिवाळीनंतर वीटभट्टीवर. आणि मिळालीच दुपार, तरी हिशेब जुळत नाही. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. दिवसाची झोप तुटक आणि उथळ होते, तापल्या पत्र्याखाली तर विचारूच नका. शिवाय दुपारी तीन तास घोरलं की रात्री डोळा लागत नाही. मग ‘एकच मॅच’. बीजीएमआयची, म्हणजे पबजीच्या भारतीय अवताराची, मॅच अर्ध्या तासाच्या घरात जाते, स्क्वाडला मध्येच सोडता येत नाही आणि हरल्यावर तर उठवतच नाही. वीस मिनिटांच्या डुलकीने तरतरी येते, हे कबूल. रात्र भरून निघत नाही.

‘मला तर काहीच जाणवत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांचा 2003 मधला अमेरिकेतला प्रयोग. 14 दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची कामगिरी एक-दोन रात्री पूर्ण जागलेल्या माणसाइतकी घसरली. त्यांना स्वतःला मात्र ते फारसं जाणवलं नाही. आणखी एक आकडा. 17 ते 19 तास सलग जागा असलेला माणूस काही चाचण्यांत रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्यासारखा किंवा त्याहून वाईट वागतो, असं विल्यमसन आणि फेयर यांनी 2000 मध्ये दाखवलं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला मर्यादा 0.03 टक्क्यांची आहे. सकाळी सहाला उठलेला पोरगा रात्री एकला मॅच संपवून त्याच टेकाडावरून बाइक खाली उतरवतो, एका थेंबालाही न शिवता.

बाकीचे समज किरकोळ. नाइट मोड लावला की झोप बिघडत नाही? उजेड पिवळा झाला, डोकं तापलेलंच राहिलं. खेळणारा प्रत्येक जण व्यसनी? नाही. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेने निकष दिलेत : ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण 12 महिने. सरकारने गेम बंद केलेत? 2025 चा कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. पबजीवर 2020 मध्ये बंदी आली, 2021 मध्ये बीजीएमआय हजर.

आणि यावर डॉक्टर मुंबईतच भेटतो, हेही खोटं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि त्याला इंटरनेट लागत नाही.