औषधांची जोडी आणि यकृताचा कारभार

कोलेस्टेरॉल उतरविणारे स्टॅटिन आणि ट्रायग्लिसराइड घटविणारे जेमफायब्रोझिल, ही औषधे आपापल्या जागी उपकारक असली, तरी एकाच रुग्णाच्या पोटात एकत्र गेल्यास केवढा अनर्थ ओढवतो, याचा दाखला ऑगस्ट २००१ मध्ये बायर कंपनीने सेरिव्हास्टॅटिन बाजारातून मागे घेतले तेव्हा जगाला मिळाला. या स्टॅटिनचा निचरा मुख्यत्वे यकृतातील सीवायपी२सी८ या विकराकडे सोपविलेला असतो. परंतु जेमफायब्रोझिलपासून यकृतातच बनणारे एक संयुग नेमके त्याच विकराला जायबंदी करते, आणि मग नेहमीच्याच मात्रेने रक्तातील औषधाचा संचय सरासरी पाचपटींहून अधिक होतो. स्नायूंचे तंतू फुटतात, त्यांतील मायोग्लोबिन मूत्रपिंडात तुंबते, लघवी कोऱ्या चहासारखी होते. काही रुग्ण दगावलेसुद्धा.

फेनोफायब्रेट जेमफायब्रोझिलच्याच कुळातले, परंतु या विकराशी ते असे वैर धरीत नाही. म्हणून स्टॅटिनला जोड देणे भागच पडले, तर जाणते वैद्य त्यालाच पसंती देतात, आणि ही निवड मला अत्यंत मोलाची वाटते.

कोलेस्टेरॉल उतरविणारे आणखी एक औषध, कोलेस्टिरामिन, याची तऱ्हा निराळी: ते आतड्यातच स्टॅटिनला धरून ठेवते, सबब स्टॅटिन त्याच्या एक तास आधी किंवा चार तास नंतर घ्यावे.