पित्तखडे झाले म्हणून ठेच्यावर राग नको

सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसले, की घरात आधी बंद होतात टोमॅटो, पालक आणि वांगी. मग कोणी कुळथाचा काढा सुचवतं, कोणी पानफुटीची पानं आणून देतं. ही सगळी यादी मुतखड्याची! मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे होतात, म्हणून तिथं पालकाचा विचार करावा लागतो. पित्ताशयातले खडे बहुधा कोलेस्टेरॉलचे किंवा पित्तातल्या रंगद्रव्याचे असतात. टोमॅटोच्या बियांचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. उलट भाज्या, डाळी, ज्वारीची भाकरी असं तंतुमय अन्न भरपूर खाणाऱ्यांमध्ये पित्तखडे कमी आढळतात.

दुसरा आरोपी ठेचा. तिखटानं जळजळ वाढते हे खरं, आणि ज्याला मिरची सोसत नाही त्यानं ती खाऊ नये. पण पित्ताशयाला कामाला लावते ती मुख्यतः चरबी. तेलतूप लहान आतड्यात पोचलं की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं आणि पित्ताशय आवळतं. त्याच्या तोंडाशी खडा अडकला असेल, तर उजव्या बरगडीखाली कळ उठते आणि थेट खांद्याच्या पाठीमागं जाते. म्हणून भाजीतली मिरची मोजण्यापेक्षा वरची तर्री बघावी. खामगावच्या आसपास शेतात रोडग्यांची पंगत बसते. कुस्करलेल्या रोडग्यावर तुपाची धार, वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग, आणि रात्री पोट दुखलं की नाव वांग्याचं!

‘आम्ही रिफाइंडच वापरतो’, ‘साजूक तूप चालतं’ ही समजूतही तशीच. खामगावसारख्या कापसाच्या बाजारपेठेतलं सरकीचं तेल असो, करडईचं असो की शेंगदाण्याचं, 5 मिलीच्या चमच्यात चरबी साधारण साडेचार ग्रॅमच. प्रश्न एका बैठकीत किती चमचे पोटात गेले, हा आहे. शेगावची कचोरी विष नाही, पण कळा येत असतील तर सध्या ती लांबच बरी.

मग तेल पूर्णच सोडावं का? नाही. चरबी अजिबात मिळाली नाही, तर पित्ताशय नीट रिकामं होत नाही आणि साचलेलं पित्त घट्ट होतं. लांबलचक उपाशी राहण्यातही हाच धोका. झपाट्यानं, म्हणजे आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरवणाऱ्यांना नवे खडे होण्याची शक्यता वाढते. एकादशीला दिवसभर काही न खाता संध्याकाळी दाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी ताटभर खाल्ली, तर उपास आणि तेल दोन्ही एकदम अंगावर येतात. ठरल्या वेळी, थोडं थोडं, बेताच्या फोडणीचं खावं: भाकरी, वरण, भाजी, ताक. वऱ्हाडात हे काही नवं नाही.

लिंबूरस आणि ऑलिव्ह तेल पिऊन ‘खडे पाडण्याचा’ प्रयोग मोबाइलवर जोरात फिरतो. शौचातून हिरव्या गोळ्या पडतात, हे खोटं नाही. पण ‘द लॅन्सेट’मध्ये 2005 साली अशा गोळ्यांच्या तपासणीचा अहवाल आला. त्यात कोलेस्टेरॉल नव्हतंच, तीनचतुर्थांश भाग मेदाम्लांचा होता. प्यायलेल्या तेलाचाच तो पोटात तयार झालेला साबण.

आहारानं कळा कमी होतात, झालेले खडे विरघळत नाहीत. त्रास न देणारे खडे मात्र पुष्कळांच्या पोटात जन्मभर गुपचूप राहतात, त्यांना सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. ताप, थंडी, डोळ्यांत पिवळेपणा किंवा तासन्‌तास न थांबणारी कळ असेल, तर पथ्याची चर्चा बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

पित्ताशय काढल्यावर जन्मभर अळणी-उकडलेलं खावं लागतं, अशी धास्ती घेऊन लोक शस्त्रक्रिया पुढं ढकलत राहतात. पित्त तयार करतं यकृत. पित्ताशय ही फक्त साठवण, ती गेली तरी पित्त थेट आतड्यात उतरत राहतं. काहींना सुरुवातीला तेलकट खाल्ल्यावर पातळ शौचाला होतं. त्यांनी तेलतूप हळूहळू वाढवावं. बाकीच्यांना काही दिवसांत नेहमीचं जेवण सुरू करता येतं, ठेच्यासकट.